दोनच शुक्रवार

क्लेमेंटने नोएल हॅदर्लीची जागा घेतली, आणि ती घे असं त्याला मी सांगितलं. कुणी विषय काढलाच तर क्लेमेंट म्हणतो की हॉटेलने सांगितलं म्हणून गायलो. ते खोटं नाही. पण हॉटेलने सांगितल्यावर तो घरी आला होता, बूट न काढता सोफ्यावर बसून त्याने मला विचारलं होतं, आणि मी भांडी विसळता विसळता उत्तर दिलं होतं. म्हणून हे सगळं मीच सांगायला हवं.

आम्ही दोघं वसईचे. तो गिरीजच्या तुस्कानोंच्या घरातला, मी नंदाखालची. मस्कतला तो अठ्ठ्याऐंशी साली आला, समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात वेटर म्हणून. दोन हजार चौदा साली, म्हणजे हे घडलं तेव्हा, तो तिथे बँक्वेट सुपरवायझर होता. मी अल् खुवैरमध्ये दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला. फ्लॅटही तिथेच, गाडीने पाच मिनिटांवर. मुलगी कॅन्डिस पुण्याला शिकायला गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

लग्नाआधी क्लेमेंट गायचा. तो सतरा वर्षांचा असताना त्याच्या जहाजावरच्या मामाने लंडनहून एक रेकॉर्ड आणली, ‘विंटर आल्मनॅक’ नावाच्या ब्रिटिश बँडची. असल्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, मध्येच ऑर्गन, मध्येच बासरी, ताल सारखा बदलणारा. त्या रेकॉर्डची एक अख्खी बाजू एकाच गाण्याने भरलेली होती. गाण्याचं नाव ‘काचवाल्याची मुलगी’. शेवटची सहा मिनिटं गायकाचा आवाज चढत चढत जातो आणि अशा जागी जाऊन थांबतो की बाई गातेय का पुरुष ते कळत नाही. तो आवाज नोएल हॅदर्लीचा. क्लेमेंटने ते गाणं श्वासासकट पाठ केलं. पण वसईच्या लग्नांत वीस मिनिटांचं इंग्रजी गाणं कोण ऐकणार? बँडवाले त्याला नाचाची गाणी गायला लावायचे. मग गल्फ, मग मी, मग कॅन्डिस. उरलं ते चर्चचं कॉयर आणि गाडीतलं गाणं. गाडीत तो ती सहा मिनिटं इतक्यांदा गायलाय की इंग्रजी रॉकशी काही देणंघेणं नसलेल्या मलाही ती पाठ झाली.

त्या जानेवारीत दुबईच्या एका एजन्सीने शुक्रवारच्या, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवसाच्या, ब्रंचसाठी तीन महिन्यांकरता गायक पाठवला. इव्हेंट्सचं काम बघणाऱ्या मधुने कागद क्लेमेंटच्या हातात दिला, जेवणाची वेळ आणि माइकची जागा ठरवायला. कागदावर नाव होतं नोएल हॅदर्ली. क्लेमेंटला वाटलं नावाचा कुणी दुसरा असेल. त्या शुक्रवारी चार वाजता घरी आला तेव्हा त्याचा चेहरा चर्चमध्ये पहिलं कम्युनियन घेतलेल्या पोरासारखा झाला होता. तोच आहे, एवढंच म्हणाला.

सदुसष्ट वर्षांचा माणूस. लांब, वाकलेला, पांढरे केस मागे बांधलेले, एकच निळं जाकीट. ब्रंचला तो सगळ्यांना माहीत असलेली जुनी गोड गाणी म्हणायचा. लोक कोळंबी सोलत असायचे, पोरं आइस्क्रीमच्या काउंटरभोवती पळत असायची. तो कोण हे त्या हॉलमध्ये क्लेमेंटखेरीज एकालाही ठाऊक नव्हतं. क्लेमेंटने दुसऱ्या आठवड्यात धीर करून त्याला ‘काचवाल्याची मुलगी’बद्दल विचारलं. नोएलने त्याच्याकडे पाहिलं, माइकची वायर गुंडाळली आणि ते गाणं आता माझं नाही असं सांगून निघून गेला.

हॉटेलने त्याला वादी अदाईच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये खोली दिली होती, ड्रायव्हर आणि कुक राहतात त्या इमारतीत. क्लेमेंटला हे सहन होईना. पुढच्या शनिवारी तो त्याला घरी जेवायला घेऊन आला. मी चिकन केलं होतं आणि आमच्या वसईचे फुगे, आंबवलेल्या मैद्याचे गोळे, तळले होते. नोएलने नऊ फुगे खाल्ले. मग दर शनिवारी तो यायला लागला. आपली सगळी कहाणी त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितली, तुकड्या-तुकड्यांत, बहुतेक वेळा माझ्याकडे बघून, कारण क्लेमेंटकडे बघितलं की त्याला आपण मुलाखत देतोय असं वाटायचं.

त्याचा बाप चर्चच्या खिडक्यांना काचा बसवायचा. दोन मुलं, नोएल आणि त्याच्याहून मोठी मार्गरेट. नोएल चर्चमध्ये गायचा, पुढे बसमध्ये कंडक्टर झाला, संध्याकाळी चार मित्रांबरोबर एका गोदामात गाणी बसवायचा. मार्गरेट एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या आजाराने गेली. शेवटचे तीन महिने बापाने तिच्या खोलीच्या खिडकीला रंगीत काच लावली होती, पलंगावर पडल्या पडल्या तिला काहीतरी बघायला मिळावं म्हणून. ‘काचवाल्याची मुलगी’ म्हणजे ती. शब्द नोएलचे, चालही बरीचशी त्याचीच. त्या गाण्याने बँड मोठा झाला. चार रेकॉर्ड, अमेरिका, जपान, हजारो माणसं अंधारात उभी राहून त्याच्या बहिणीचं मरण ऐकायची.

अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या घशात गाठ आली. डॉक्टरांनी चार महिने तोंड उघडायचं नाही असं बजावलं. दौरा ठरलेला होता. मित्रांनी सांगितलं की फक्त सहा आठवड्यांसाठी एका पोराला घेतोय. तो पोरगा कुठल्याशा पबमध्ये नोएलची नक्कल करत गायचा, प्रत्येक श्वास तसाच. गाठ बरी झाली. नोएलने फोन केला तर कुणी उचलेना. सहा आठवड्यांची छत्तीस वर्षं झाली होती. तो पोरगा आता साठीला आला, अजून ‘विंटर आल्मनॅक’चा गायक आहे, आणि लोक म्हणतात की मूळ गायकापेक्षा हाच बरा.

“त्याने मार्गरेटला कधी पाहिलं नाही,” नोएल म्हणाला. “आणि छत्तीस वर्षं तो रोज तिच्यासाठी रडतोय.”

त्यानंतर जाहिरातींतली गाणी, मग क्रूझ जहाजं, मग बहरीन, दुबई, आणि आता आमचं मस्कत. दोन बायका सोडून गेल्या. बँडचं नाव जाहिरातीत वापरायची त्याला कायद्याने बंदी होती, म्हणून हॉटेलच्या बोर्डावर नुसतं ‘लंडनचा सदाबहार आवाज’ असं लिहिलेलं. त्याने लंडनमध्ये आयुष्यातलं एक वर्षही काढलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी चहा करत होते आणि बाहेरच्या खोलीत क्लेमेंट भीत भीत ती सहा मिनिटं गाऊन दाखवत होता. शेवटी तो वर गेला आणि तिथे थांबला. मी गॅस बंद केला. नोएल खुर्चीवरून उठला. मग त्याने क्लेमेंटला उभं केलं, त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि शिकवायला लागला. कुठे श्वास घ्यायचा, कुठे नाही, वरचा सूर गळ्यातून ढकलायचा नाही, पाठीतून येऊ द्यायचा. पुढचे तीन शनिवार जेवण गार होईस्तोवर हेच चाललं होतं. चोपन्न वर्षांचा माझा नवरा ऑफिसला जाताना शिट्टी वाजवायला लागला. नोएलचा स्वतःचा आवाज आता तिथपर्यंत पोचत नव्हता, हे त्याने कबूल केलं. खालचा भाग मी गातो, वरचा तू गा, असं त्यानेच ठरवलं. मधुची परवानगीही त्यानेच काढली.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ते दोघं गायले. मी साउंडच्या टेबलाशी उभी होते, दयानंदजवळ. दयानंद कुडाळचा, वीस वर्षं त्या हॉटेलात साउंड सांभाळणारा, कमी बोलणारा माणूस. नोएलने सुरुवात केली तेव्हा लोक खात होते. आवाज फाटका होता, पण त्या फाटकेपणात काहीतरी होतं की चमच्यांचा आवाज कमी होत गेला. मग क्लेमेंटने वरचा सूर घेतला. खिडकीजवळच्या टेबलावरचा एक म्हातारा इंग्रज, बहुतेक तेल कंपनीतला, उभा राहिला आणि डोळे पुसायला लागला. टाळ्या थांबेनात. नोएलने क्लेमेंटचा हात धरून वर केला. मी त्या दिवशी देवाचे आभार मानले.

मधुच्या लक्षात मात्र वेगळं आलं. टाळ्या शेवटच्या सुराला पडल्या होत्या, आणि तो सूर गाणारा माणूस आधीच हॉटेलच्या पगारावर होता.

दुसऱ्याच आठवड्यात धुळीचं वारं सुटलं. तीन दिवस समोरची इमारत दिसेना. नोएलची छाती भरली, आवाज बसला. मीच त्याला आमच्या दवाखान्याच्या इमारतीतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने औषध दिलं आणि दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही म्हणून सांगितलं. नोएल हसला. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

त्या संध्याकाळी क्लेमेंट घरी आला आणि बूट न काढता बसला. मधुने त्याला विचारलं होतं की दोन शुक्रवार तू एकटा गाशील का. त्याने उद्या सांगतो असं उत्तर दिलं होतं.

“काय करू?” त्याने मला विचारलं.

मला नोएलची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण त्याहून जास्त मला सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांत खुर्च्या मोजणारा माझा नवरा दिसत होता, आणि त्या शुक्रवारचा त्याचा चेहरा.

“दोनच शुक्रवार आहेत,” मी म्हणाले. “गा.”

आणि नोएलला सांगायचं कशाला, आजारी माणसाला उगाच त्रास, हेही मीच म्हणाले.

गुरुवारी मी सूप घेऊन वादी अदाईला गेले. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता, मांडीवर वही. बोलायला बंदी, म्हणून तो लिहून विचारायचा. सूप प्यायला, औषधाच्या वेळा दाखवल्या, मग वहीत लिहिलं: उद्या कोण गातंय? मी म्हटलं कुणीच नाही, हॉलमध्ये लग्नाचं बुकिंग आहे, ब्रंच दोन आठवडे बंद. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टिफिनचं झाकण घट्ट करत होते. त्याने खाली लिहिलं: बरं झालं.

पहिल्या शुक्रवारी क्लेमेंट घाबरत गायला. दुसऱ्या शुक्रवारी घाबरला नाही. नोएलची ती गोड गाणी त्याने म्हटली, आणि शेवटी ती सहा मिनिटं, खालचीही आणि वरचीही. हॉल भरलेला होता. मधुने तिसऱ्या शुक्रवारचंही त्यालाच सांगितलं, आणि एजन्सीला कळवून टाकलं की महिनाअखेर संपणारा करार पुढे वाढवायचा नाही. क्लेमेंटने हे मला त्या तिसऱ्या शुक्रवारच्या आदल्या रात्री आंघोळीला जाता जाता सांगितलं. मी नोएलचं काय म्हणून विचारलं. तो म्हणाला, मी बोलेन त्याच्याशी, रविवारी. सामान आवरताना दयानंद त्याला एकच वाक्य बोलला होता, “ह्यां काय बरां नाय केलास, क्लेमेंटभाऊ,” आणि त्यानंतर आठवडाभर बोलला नव्हता, हेही मला क्लेमेंटनेच सांगितलं. त्याला राग दयानंदचा आला होता.

रविवार यायच्या आधी शुक्रवार आला. नोएल टॅक्सी करून आला. निळं जाकीट, केस नीट बांधलेले, आवाज परत आलेला. मी साउंडच्या टेबलाशी होते, म्हणून मला तो दारात उभा राहिलेला दिसला. क्लेमेंटचं ‘काचवाल्याची मुलगी’ नुकतंच सुरू झालं होतं. दयानंदने नोएलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बटणांवरचे हात काढून घेतले.  नोएल दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिला. सहा मिनिटं. सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या.

क्लेमेंटने त्याला तेव्हा पाहिलं. माइक हातातच राहिला. नोएल टेबलांच्या मधून चालत स्टेजपाशी गेला. मीही मागोमाग गेले.

“तिसऱ्या कडव्यात तू श्वास लवकर घेतोस,” नोएल म्हणाला. “तिथे थांबू नकोस. तिथे ती अजून जिवंत आहे.”

क्लेमेंट ‘यस सर’ म्हणाला. खरंच म्हणाला, वेटरसारखा.

“तुलाही दोनच आठवडे म्हणाले का?” नोएलने विचारलं.

क्लेमेंटने होकाराची मान हलवली. नोएलनेही हलवली, जणू हिशेब बरोबर जुळला. तो आला तसाच बाहेर गेला. एका टेबलावरच्या बाईने क्लेमेंटला आणखी एक गाणं म्हणायला सांगितलं. तो म्हणाला. ते गाणंही मी उभी राहून ऐकलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नोएलचा व्हिसा रद्द झाला. क्लेमेंट विमानतळावर सोडायला गेला नाही, त्याला त्या दिवशी बँक्वेट होतं. खरंच होतं, मी रजिस्टर पाहिलं. मी दवाखान्यातून सुट्टी काढून वादी अदाईला गेले. एक सूटकेस आणि पिशवी, एवढंच सामान. मी गाडी रुवीचा चढ ओलांडून हायवेला आणली. मग मीच सांगून टाकलं की क्लेमेंटला गा म्हणणारी मी होते, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही हेही माझंच.

तो बाहेर बघत होता. सूप आणलंस तेव्हाच कळलं होतं, असं म्हणाला. हॉटेलं शुक्रवारचा ब्रंच कधी बंद ठेवत नाहीत, छत्तीस वर्षांत एवढं तरी शिकलोय.

“मग तुम्ही आलात कशाला?” मी विचारलं.

“ऐकायला. तिकडच्या त्या पोराला मी कधी समोर उभं राहून ऐकलं नाही. हिंमत झाली नाही. म्हटलं, निदान याला तरी ऐकावं.”

मी विचारलं नाही, पण त्याने स्वतःहून सांगितलं की क्लेमेंट चांगला गातो. तिकडच्यापेक्षा चांगला. आणि हे त्याला सांगू नकोस, एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर. मी हो म्हटलं. मग त्याने एसी बंद करायला सांगितला, घसा सुकतो म्हणून. एप्रिलमधलं मस्कत, काचा खाली, गरम वारं तोंडावर, आम्ही दोघं घामाने भिजून विमानतळावर पोचलो. उतरताना त्याने माझे आभार मानले, जेवणाबद्दल. मला फेलिसिटी म्हणायचा, पहिल्या दिवसापासून चुकीचं नाव. मी कधी सुधारलं नव्हतं, त्या दिवशीही नाही.

क्लेमेंट जूनपर्यंत गायला. मग रमझान लागला, गाणीबजावणी बंद झाली. ईदनंतर मधुने मनिलाहून एक जोडी आणली, मुलगा कीबोर्डवर, मुलगी गाणारी, दोघं तरुण, दिसायला छान. क्लेमेंटला कुणी बोलावून सांगितलंसुद्धा नाही. त्याला ते ड्यूटीच्या यादीवरून कळलं, जिच्यात त्या शुक्रवारी त्याच्या नावापुढे बुफे लिहिलं होतं. त्याने जाकीट चढवलं आणि बुफेपाशी उभा राहिला.

कॉयर त्याने त्याच वर्षी सोडलं. घसा बरोबर नाही असं फादरना सांगितलं. गाडीतही तो गात नाही, रेडिओ लावतो, बातम्यांचा. मला एकदा त्याने विचारलं होतं की विमानतळावर जाताना नोएल काही म्हणाला का. मी नाही म्हटलं. दिलेला शब्द पाळला, असं मी स्वतःला सांगते. पण खरं सांगायचं तर त्याला ते ऐकायचा हक्क नाही असंही मला तेव्हा वाटलं होतं, आणि मला स्वतःला ते ठाऊक असण्याचा हक्क आहे का, हे मी विचारलं नाही.

दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरमध्ये नोएल गेला, इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या कुठल्याशा वृद्धाश्रमात. क्लेमेंट अल मवालेहच्या मार्केटमध्ये भाजी घेत होता तेव्हा फोनवर बातमी आली. बँडने लिहिलं होतं की पहिल्या काळातला आमचा लाडका सहकारी. त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये कार्यक्रम होणार होता, आणि ‘काचवाल्याची मुलगी’ तिथे कोण गाणार हेही लिहिलं होतं. क्लेमेंटने कांद्याची गोणी गाडीत टाकली, घरी आणली, निवडली, आणि जेवण झाल्यावर मला सांगितलं.

मी म्हटलं, चर्चमध्ये एक मिस्सा सांगू या, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना. तो बराच वेळ रिमोटशी खेळत बसला.

“सांग,” तो म्हणाला. “पण आपलं नाव घालू नकोस.”

शुक्रवारी सकाळी मी मस्कतमधल्या गाला भागातल्या चर्चमध्ये गेले. ऑफिसात छापील चिठ्ठी असते. वर मृताचं नाव लिहायचं, खाली मिस्सा कुणातर्फे ते. मी वर नोएल हॅदर्ली लिहिलं. खालची ओळ तशीच ठेवून चिठ्ठी पुढे सरकवली. ऑफिसातल्या बाईने ती बघितली, पेन माझ्याकडे परत केलं आणि विचारलं, ही रेघ कोरी राहिलीय, नातेवाईक का मित्र?

मी म्हटलं, राहू दे तशीच.